माळ्यावरची गाडी

पोलोवाल्याला "काय, गाडी कशी आहे?" असं विचारलं की तो "अजून व्हायचीय" असं उत्तर देतो. खरं तर ती २०१४ सालीच चाकणच्या कारखान्यातून होऊन बाहेर पडली होती. चार चाकं, पाच दारं, सगळे आरसे, शिवाय एक जाडजूड मॅन्युअल. पहिल्या मालकानं ती तशीच चालवली, त्याला तिच्यात काही कमी वाटलं नाही. पण कारखान्यानं केलेलं काम पोलोवाला जमेस धरत नाही. कंपनी आपल्याला सामान देते, गाडी आपण करायची असते, असा त्याचा हिशेब आहे. कंपनीतून आली तशीच राहिलेल्या गाडीला या लोकांत 'स्टॉक' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना पोलोवाला आवाज जरा खाली आणतो. माझी वॅगन आर पूर्ण स्टॉक आहे. तिचा विषय तो माझ्यासमोर कधी काढत नाही. मुलगा सभ्य आहे.

आईवडिलांनी ठेवलेलं बरं नाव त्याला आहे, पण सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत 'बी-विंगचा पोलोवाला' एवढं वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना पुरतं. वय चौतीस. नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअरची. चहा सोडता व्यसन नाही. पगार कुठे जातो, हा प्रश्न घरात पडत नाही, कारण तो खाली पार्किंगमध्ये उभा असतो.

ही पोलो म्हणजे साधी पोलो नव्हे, हे आपणहून समजून घ्यावं. नाहीतर तो समजावतो. फोक्सवॅगननं पोलोचं जीटी टीएसआय हे रूप भारतात २०१३ मध्ये आणलं. इंजिन बाराशे सीसीच्या आतलं, म्हणजे लहान गाडीचा कर लागावा इतपतच, पण त्याला टर्बो. १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि दोन क्लच, सात गिअर असलेला डीएसजी गिअरबॉक्स. उभ्या गाडीपासून शंभरचा वेग ९.७ सेकंदांत, असं कंपनी सांगायची. लहान गाडीला "ॲव्हरेज किती देते?" एवढा एकच प्रश्न विचारायची रीत असलेल्या देशात काही तरुणांना ९.७ हा आकडा ऐकूनच भरून आलं. २०२२ मध्ये चाकणला पोलो बनायची थांबली आणि ज्यांच्या दारात ती होती त्यांच्या प्रेमात हट्टही मिसळला. आता ही पुन्हा मिळणार नाही, तेव्हा हिचं सगळं आपणच करायचं.

या मुलाचे वडील टेल्कोतून निवृत्त झाले. टेल्कोचं टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, तरी पिंपरीत नोकरी केलेला माणूस 'टेल्को'च म्हणतो. काका क्वालिटीत होते. ड्रॉइंगवर दिलेल्या मापाबाहेर गेलेला पार्ट लाल टॅग लावून बाजूला काढायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मापात असलेला पार्ट नाकारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती मुलानं आणली.

सुरुवात हॉर्नपासून झाली. बहुतेकांची तिथूनच होते. कंपनीचा हॉर्न पुण्यात कुणी मनावर घेत नाही, ही तक्रार कुणालाही पटावी अशीच. नाना पेठेतून जाड आवाजाची जोडी आली. तिला रिले लागतो. रिले बसवायला वायरमन आलाच होता, तर हेडलाइटचंही वायरिंग वेगळं करून घेतलं, कारण बारीक वायरीतून बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. हेही खरं आहे. मॉडिफिकेशनची पहिली पायरी पूर्णपणे तर्कशुद्ध असते आणि खरी गोम तिथेच आहे. माणूस तर्काचं बोट धरून चढतो आणि वर गेल्यावर बघतो, तर बोट सुटलेलं असतं.

मग एअर फिल्टर आला. कागदी काढून सुती, तेल लावायचा, धुऊन पुन्हा वापरायचा. "आता टर्बोचा श्वास ऐकू येतो," असं सांगून त्यानं मला शेजारी बसवलं, काचा खाली केल्या आणि राजाराम पुलापर्यंत नेऊन आणलं. मला तीन रिक्षांचे आणि एका पीएमपीच्या बसचा श्वास ऐकू आला. मान डोलावणं भाग होतं.

काढलेला कागदी फिल्टर काकांनी हातात घेऊन उजेडात धरला.

"याला काय झालं होतं?"

"काही नाही, बाबा."

"मग काढला का?"

"हा जास्त हवा घेतो."

"आधी कमी पडत होती?"

पोलोवाला गप्प बसला. काकांनी फिल्टर झटकला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा टॅग बांधला. टॅगवर तीन ओळी आखल्या: तारीख, किलोमीटर, काढण्याचे कारण. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'चालू स्थितीत'. मग शिडी लावून फिल्टर माळ्यावर ठेवला आणि एका जुन्या वहीत त्याची नोंद केली. पुढे ही वही या घराच्या इतिहासाचं मुख्य साधन ठरली.

वर्ष-दीड वर्ष वहीत बारीकसारीक नोंदी होत राहिल्या. त्यातली एक गोष्ट मात्र माळ्यावर जाण्याजोगी नव्हती. पोलोवाल्यानं एक केबल आणली, लॅपटॉप स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला आणि सबंध संध्याकाळ गाडीत वाकून बसला. रात्री मला खाली बोलावलं. चावी फिरवली. स्पीडोमीटरचा आणि आरपीएमचा असे दोन्ही काटे झपकन शेवटच्या आकड्यापर्यंत गेले आणि परत शून्यावर आले.

"बघितलंत?"

"काय?"

त्यानं चावी पुन्हा फिरवली. काटे पुन्हा जाऊन आले. यानं गाडी जोरात पळते का, पेट्रोल वाचतं का, असे प्रश्न माझ्या मनात आले, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मी ते गिळले. उभ्या गाडीचा काटा २४० पर्यंत गेलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

यानंतर स्टेज वन. मंडळींच्या बोलण्यात या पायऱ्या ठरलेल्या आहेत. स्टेज वन म्हणजे फक्त रीमॅप: इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल काढायची आणि टर्बोचा दाब, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ यांचं गणित बदललेली दुसरी घालायची. स्टेज टू म्हणजे डाउनपाइप वगैरे, एक्झॉस्ट मोकळा करायचा. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच मोठा. तिथपर्यंत पोचलेल्या माणसाबद्दल ते बोलतात तेव्हा काशीला जाऊन आलेल्याबद्दल बोलल्यासारखे बोलतात. पोलोवाल्याच्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा न हलवता १०५ चे एकशे तीसच्या वर घोडे झाले आणि टॉर्क २२० च्या आसपास गेला. त्याहून फार वर जायचं नाही, कारण या ड्राय क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. ही मर्यादा त्याला पाठ आहे आणि गाडीतून कुठूनही 'टक्' असा आवाज आला की ती त्याला आठवते.

काकांनी बिल मागितलं. तीस-पस्तीस हजारांचं होतं.

"काय बदललं?"

"फाइल."

"दाखव."

"दिसत नाही, बाबा. सॉफ्टवेअर असतं."

"जुनी कुठंय?"

"लॅपटॉपमध्ये."

काकांनी वही उघडली. बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी लिहिलं: 'मूळ फाइल. चालू स्थितीत. ठिकाण: मुलाचा लॅपटॉप.' आणि स्वतःच्या समाधानासाठी एक रिकामा टॅग माळ्यावर नेऊन ठेवला.

पण बापलेकांचं खरं युद्ध झालं ते टायरवरून, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण मॉडिफिकेशनवाल्यांतले निम्मे या विषयावर ज्या भावनेनं बोलतात तिथे गणिताला मज्जाव असतो. काकांनी तिथे गणित नेलं.

कंपनीचा टायर होता १८५/६० आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, १११ मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. पोलोवाल्याला चाकाची कमान भरलेली हवी होती. टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईल एवढी फट म्हणजे त्याला दात पडल्यासारखी वाटते. पहिल्या खेपेला त्यानं १९५/५५ आर १६ घातले. काकांनी पट्टी न लावता कागदावरच सांगितलं, "आधी व्यास ६०३ होता, आता ६२१. तीन टक्के वाढला. पूर्वी काटा शंभर दाखवायचा तेव्हा गाडी शंभरनं जायची असं धरू, तर आता ती १०३ नं जाते. एक्स्प्रेस-वेवर मर्यादा शंभरची आहे. तू शंभरवर आहेस असं समजून दंड भरशील."

पोलोवाल्याला हे अजिबात माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला ते माहीत होतं तसं कुणी मोठ्यानं म्हणून दाखवलं नव्हतं. त्यानं तिरीमिरीत ते टायर विकले आणि थेट १७ इंची रिम आणल्या, टायर २०५/४०. गाडी दिसायला फार देखणी झाली, हे मलाही कबूल करावं लागेल. मांजर अंग चोरून बसावं तशी नव्हे, उडी मारायच्या बेतात असावं तशी दिसायची. पण ४० टक्क्यांच्या हिशेबानं टायरची भिंत उरली ८२ मिलिमीटर. १११ मधले २९ मिलिमीटर रबर आणि हवा सौंदर्याला वाहिली. ते २९ मिलिमीटर कशासाठी होते, हे पावसाळ्यात धायरीकडे जाताना एका खड्ड्यानं दाखवलं. खड्ड्याला कळलं, रिमला कळलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या काकूंच्या कमरेला कळलं. रिम वाकली. वाकलेली रिम सरळ करणारे कारागीर पुण्यात आहेत आणि त्यांना काम कधी कमी पडत नाही. अशा एकाच्या दुकानात पोलोवाल्याला ओळखीचे चार जण भेटले. सगळ्यांच्या रिम १७ च्या.

तिसऱ्या खेपेला तो वडिलांकडे आला. सरळ विचारलं नाही. जेवताना आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "१९५/५० आर १६ कसे होतील, बाबा?" काकांनी ताटाशेजारच्या बिलावर आकडेमोड केली. भिंत ९७.५. दुप्पट १९५. सोळा इंच म्हणजे ४०६.४. बेरीज ६०१.४.

"दीड मिलिमीटर कमी," काका म्हणाले. "टॉलरन्समध्ये आहे."

काकू मला नंतर म्हणाल्या, बारावीच्या निकालानंतर या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते एकमत स्प्रिंगांनी मोडलं. पोलोवाल्यानं गाडी चाळीस मिलिमीटर खाली घेतली. गुरुत्वमध्य खाली आला, वळणावर गाडी झुकेनाशी झाली, ताम्हिणी घाटात ती रुळावर धरल्यासारखी जाते, हे त्याचं म्हणणं मी पडताळलेलं नाही, पण चुकीचं नसावं. अडचण ताम्हिणीत नाही, सोसायटीच्या फाटकात आहे. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे चढ-उतार हलका राहतो. आमचा स्पीडब्रेकर क्लबहाउसचं काम झाल्यावर उरलेल्या सिमेंटचा आहे. रुंदी एक हात, उंची सिमेंट संपेपर्यंत. पोलो त्यावरून सरळ जात नाही. ती तिरकी येते, एकेक चाक करून चढते, आणि आत माणसं असतील तर पोट घासतं. म्हणून फाटकापाशी काका डावीकडून, काकू उजवीकडून उतरतात, गाडी मुंगीच्या पावलांनी पलीकडे जाते, हे दोघे चालत पलीकडे जाऊन पुन्हा बसतात. वॉचमनला पहिल्या दिवशी वाटलं, भांडण झालं. एकदा काकू भाजीची पिशवी घेऊन उतरल्या त्या परत बसल्याच नाहीत. "बाळा, तू हो पुढे," म्हणाल्या, "मंडईत मी तुझ्या आधी पोचेन."

पोचल्याही असतील. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणं जगातलं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर होतं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. ताशी अठरा. पोलोवाल्यानं रीमॅपनं शंभर गाठायचा वेळ सेकंदभरानं कमी केला आहे, पण त्या शंभरपर्यंत जायला लागणारी मोकळी जागा त्याला वारजे ते हिंजवडी या वाटेत कुठेही सापडत नाही. सिग्नल हिरवा झाला की १३० घोडे खुरं झाडतात, आणि डावीकडून तोंडाला ओढणी बांधलेली एक मुलगी स्कूटरवरून शांतपणे पुढे निघून जाते. त्याला याचं वाईट वाटत नाही. मी त्याला एकदा विचारलं, हा वाचवलेला सेकंद तू वापरतोस कुठे? "वापरायचा नसतो," तो म्हणाला. "असायला हवा."

हे वाक्य मी पुष्कळ जणांना सांगून पाहिलं. ज्यांच्याकडे पाच लाखांचा कॅमेरा आहे त्यांना ते लगेच कळतं.

एक्झॉस्टचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते फार दिवस टिकलं नाही. ॲक्सिलरेटर सोडला की ठिणगी उशिरा देऊन थोडं पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळायचं, म्हणजे मागून फट्-फट्-फटाक असा रॅलीच्या गाडीसारखा आवाज येतो, अशी एक फाइल मिळते. काकांचा अभिप्राय: "म्हणजे पैसे जाळायचे, आणि शेजाऱ्यांना कळेल असे." दोन रात्री तो आवाज झाला. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर ए-विंगच्या सेक्रेटरींच्या अक्षरात सूचना लागली: 'एका सभासदाच्या वाहनातून फटाके फुटतात. वाहन नादुरुस्त असल्यास दुरुस्त करून घ्यावे. दुरुस्त करूनच असे झाले असल्यास पूर्ववत नादुरुस्त करावे.' पोलोवाल्यानं नोटिशीचा फोटो काढून त्याच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच रात्री जुनी फाइल घातली.

त्याच्या जातीत दोन पंथ आहेत, हे मला त्याचा कोल्हापूरचा मावसभाऊ आला तेव्हा कळलं. त्याची स्विफ्ट. तिला मागे पंख, पुढे ओठ, बाजूला पट्टे, आत जांभळे दिवे. नंबर ८०५५, जो पूर्वी इंग्रजीत 'बॉस' वाचता येईल असा वळवून लिहिलेला असायचा. सरकारी उच्च सुरक्षा पाटी आल्यापासून तो पुन्हा ८०५५ झाला आहे, याचं त्याला दुःख आहे. मावसभावानं पोलोभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"दादा, एवढं केलंस म्हणतोस, मग दिसंना का काहीच?"

"दिसायला नाही केलेलं."

"मग कशाला केलंस?"

एवढ्या मुद्द्यावर दोघं जेवायची वेळ टळेपर्यंत बोलत होते. पोलोवाल्याच्या पंथात दिखाऊ काम हे पाप, आणि त्यातलं महापाप म्हणजे खोटा बॅज. फोक्सवॅगननं खरी पोलो जीटीआय भारतात २०१६ मध्ये आणली, तीन दारांची, १.८ लिटर इंजिनाची, एक हजार कमी सव्वीस लाखांना, आणि आणल्या फक्त ९९. त्या ९९ पैकी दीडशे तरी पुण्यात रोज फिरताना दिसतात. मागे जीटीआयचा बॅज आणि आत डिझेलची धडधड. असा बॅज दिसला की पोलोवाला मान फिरवतो. स्वतः त्यानं फार आत्मपरीक्षण करून ग्रिलवर एक लाल रेघ तेवढी ओढली आहे. आणि सीटना चौकड्यांचं कापड. १९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयला चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ देणारी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट ही डिझायनर त्याची कुलदेवता आहे. तिची गोष्ट तो सांगतो तेव्हा मध्ये बोललेलं चालत नाही. काकूंनी मात्र नवीन सीटवर हात फिरवून विचारलं, "तुझ्या शाळेच्या गणवेशाचं कापड उरलं होतं का रे?"

कायद्याचं काय, असं मी काकांना विचारलं. मला वाटलं, काका टाळतील. त्यांनी वहीच उघडली. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम; मूळ बनावटीहून वेगळा बदल करायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं; आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नव्या रूपात आलेलं १८२अ, ज्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. काकांनी आपल्या नोंदी मोजल्या. "चौदा," म्हणाले. "सत्तर हजार. आणि चौदा सक सात वर्षं."

"नाही, बाबा," आतून आवाज आला. "प्रत्येक बदलामागे फक्त दंड आहे. सहा महिने एकदाच."

कलम त्यानंही वाचलेलं होतं. मला या मंडळींचा राग येतो तो इथे. विम्याच्या अर्जात हे लिहीत नाहीत, पीयूसीच्या वेळी आठवण ठेवून जुना पाइप लावतात, आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या आदल्या रविवारी गाडी परत कंपनीसारखी करून ठेवतात. मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं की याला फसवणूक म्हणतात. तो म्हणाला, खरंय. आणि शिडी धरायला मला बोलावलं.

तो रविवार बघण्यासारखा असायचा. काका शिडीवर, वही काकूंच्या हातात. काकू वाचायच्या, "नोंद नऊ, स्प्रिंगा चार." काका वरून टॅग तपासून द्यायचे. पलंगाखालून १५ इंची मूळ चाकं निघायची, देवघराच्या वरून एअर बॉक्स, कपाटामागून एक्झॉस्टचा पाइप. हॉर्नसुद्धा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोन खोल्यांच्या घरात एक पूर्ण गाडी राहते आहे. पार्किंगमध्ये आहे ती मुलाची. माळ्यावर आहे ती काकांची, ड्रॉइंगप्रमाणे, सुटी आणि चालू स्थितीत. फक्त फाइलचं जमत नाही. मूळ फाइल परत घातली तरी आधी कुणी हात घातला होता हे कंपनीच्या कॉम्प्युटरला कळू शकतं, आणि वॉरंटीतल्या गाडीवर मग टीडी-वन असा शेरा पडतो. पोलोवाल्याच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली होती. तरीही तो प्रत्येक वेळी घाबरायचा. सर्व्हिसवाला विचारायचा, "सर, काही कंप्लेंट?" आणि तो म्हणायचा, "काही नाही. स्टॉक आहे."

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी निकाल दिला. इतक्या खाली वाकून बसणं त्यांना जमेना. पार्किंग एकच, तेव्हा पोलो विकून उंच गाडी घ्यायची ठरली. गिऱ्हाइकं आली. रीमॅप म्हटलं की एक जण गेला, स्प्रिंगा म्हटलं की दुसरा. "ओरिजिनल कंडिशनमधली असती तर बोललो असतो," असं तिसरा म्हणाला, आणि काका आतून वही घेऊन आले.

दोन रविवार लागले. माळा रिकामा झाला. गाडी उभी राहिली ती २०१४ ची. काकांनी पहिल्यांदाच चावी मागितली आणि फाटकापर्यंत नेऊन आणली, स्पीडब्रेकरवरून सरळ, न थांबता. उतरल्यावर काही बोलले नाहीत, पण बॉनेटवर दोनदा थाप मारली.

चौथं गिऱ्हाईक नाशिकचं. सव्वीसेक वर्षांचा मुलगा, खाली वाकून आधी टायरचा आकडा वाचला. पोलोवाल्यानं सगळं सांगून टाकलं: काय काय केलं होतं, काय काय परत बसवलं. वहीही पुढे ठेवली. मुलानं वही शेवटच्या पानापर्यंत वाचली, आदरानं मिटली आणि सांगितलेली रक्कम कबूल केली.

"मला स्टॉकच हवी होती," तो म्हणाला. "दुसऱ्यानं केलेलं काम मला नको असतं. काका, आधी रीमॅप करावा की टायर?"

पोलोवाला वडिलांकडे बघायला लागला.

"आधी तुमच्याकडचा स्पीडब्रेकर मोज," काका म्हणाले.

पोलोवाल्यानं त्याला स्प्रिंगा, डाउनपाइप, १६ इंची रिम असं सगळं निम्म्या किमतीत देऊ केलं. मुलगा नको म्हणाला. त्याला स्वतःचं नवं घ्यायचं होतं. त्यामुळे ते सामान घरातच राहिलं. काकांनी ते पुसलं, गुंडाळलं, टॅग लावले आणि माळ्यावर चढवलं. हॉर्नची जोडी, सुती फिल्टर, चार स्प्रिंगा, चौकड्यांची सीट कव्हरं, सगळं रांगेत.

उंच गाडी आली. काकू सुखानं चढतात-उतरतात. पोलोवालाही बराच शांत झाला आहे, शनिवारी दुपारी झोपतो. परवा काका मला जिन्यात भेटले. हातात वही होती.

"तुमच्या ओळखीत कुणाची जीटी निघाली तर सांगा," म्हणाले. "त्याला नका बोलू एवढ्यात. पण एवढं चालू स्थितीतलं सामान वर पडून आहे हो, माझ्या जिवाला बरं नाही वाटत. मूळ १८५/६० वरचीच बघा. म्हणजे आपल्या रिम मापात बसतील."